आडनाव बदलायचंय: जन्मदाखल्यात दुरुस्ती की गॅझेट?

आडनावाचा घोळ निस्तरायचा म्हटलं की सेतू केंद्राबाहेर बसलेला टायपिस्टही सांगून मोकळा होतो, "गॅझेट करून टाका." म्हणजे नावातला बदल शासनाच्या राजपत्रात छापून घ्या. बऱ्याचदा ते बरोबरच असतं. पण काहींचं काम गॅझेटने होतच नाही. जन्मदाखल्यातली दुरुस्ती आणि गॅझेट ही एकाच कामाची सोपी आणि अवघड आवृत्ती नव्हे. कामंच दोन आहेत, आणि आपलं कोणतं हे आधी ठरवायला हवं.

जन्मदाखला म्हणजे 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाखाली ठेवलेल्या नोंदवहीचा उतारा. मूल कधी, कुठे आणि कोणाच्या पोटी जन्मलं, एवढंच तो सांगतो. त्यातल्या आडनावाने जात ठरत नाही, वारसाहक्कही मिळत किंवा जात नाही. वडिलोपार्जित जमिनीतला वाटा नात्याने येतो. मुलीने आईचं आडनाव लावलं म्हणून तो बुडत नाही. ही भीती घरातली वडीलधारी मंडळी हमखास घालतात, म्हणून आधीच सांगितलं.

आता दुरुस्ती. कायद्याच्या कलम 15 प्रमाणे नोंद मुळातच चुकलेली असेल किंवा खोटी, गैररीतीने झालेली असेल, तरच निबंधक ती सुधारतो. तीही मूळ नोंद न खोडता, समासात. रुग्णालयातून 'गायकवाड'चं 'गायकर' होऊन गेलं, तर ही चूक. जन्माच्या काळातली आईवडिलांची कागदपत्रं घेऊन महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत जा. पण आजोबांनी गावावरून '-कर' आडनाव घेतलं होतं आणि आता तुम्हाला मूळचं 'कुलकर्णी' लावायचंय, तर नोंदीत चूक कसली? जन्माच्या दिवशी ती खरीच होती. इथे कलम 15 घेऊन भांडण्यात अर्थ नाही.

अशा बदलासाठी गॅझेट. महाराष्ट्राच्या शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज केला की राजपत्राच्या भाग दोनमध्ये जुनं नाव आणि नवं नाव छापून येतं. याला सरकारचा आदेश समजू नका, ती जाहीर सूचना आहे. अर्जदाराने दिलेल्या मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही, अशी टीपही सोबत छापलेली असते. तरी आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळे हाच कागद मागतात. जन्माची नोंद मात्र यानंतरही जुनीच राहते. म्हणजे पुढे आयुष्यभर दाखला आणि गॅझेट एकाच फाइलमध्ये ठेवायचे.

परीक्षा मंडळांच्या प्रमाणपत्रांवरचं नाव बदलून घेणं पूर्वी फार जड जायचं. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) प्रकरणात नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा आणि अभिव्यक्तीचा भाग मानला आणि बदल करून देण्याचा मार्ग मोकळा केला. जुन्या नावाचा उल्लेख ठेवता येईल, असंही त्यात आहे. तरी मूल शाळेत असतानाच बदल उरकावा, असं माझं मत. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की तेच काम कितीतरी जड होतं.

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे. जात वैधता प्रमाणपत्र अजून मिळायचं असेल, तर आडनावाला तोवर हात लावू नका. पडताळणी समिती वंशावळ आणि वडील-आजोबांचे शाळेचे पुरावे बघते. प्रत्येक पिढीला निराळं आडनाव दिसलं की प्रतिज्ञापत्रांची चवड वाढत जाते. आडनाव बदलल्याने जात बदलत नाही हे समितीलाही माहीत असतं, पण सिद्ध तुम्हालाच करावं लागतं.

(गोव्यात जन्म नोंदलेल्यांनी हे वाचून महाराष्ट्राच्या गॅझेटकडे धावू नये. तिथे नाव-आडनाव बदलायला 1990 चा स्वतंत्र कायदा आहे.)

नवजात बाळाच्या आईवडिलांसमोरची निवड वेगळी असते. जन्माची खबर 21 दिवसांत द्यायची. नाव नंतर घालता येतं, एक वर्षापर्यंत विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. बारसं अजून व्हायचं असेल, आईचं आडनाव लावायचं की वडिलांचं यावर एकमत नसेल, तर घाईने लिहिण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला बरा. पण वर्षाच्या आत ठरवाच. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागणार. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर नावाचा क्रमही ठरलाय: बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव.

एकट्या आईला वडिलांच्या नावासाठी अडवलं जात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल जवळ ठेवावेत. 2015 चा निकाल अविवाहित आईला फक्त प्रतिज्ञापत्रावर मुलाचा जन्मदाखला देण्याबद्दल आहे. 2022 च्या निकालानुसार, वडिलांच्या मृत्यूनंतर नैसर्गिक पालक म्हणून मुलाचं आडनाव आई ठरवू शकते.

लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. बदलायचंच, आणि फक्त आडनाव, तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. तांदळात लिहिलेलं नवं पहिलं नावही कागदोपत्री आणायचं असेल, तर गॅझेट हवं. आणि माहेरचंच नाव ठेवलं असेल, तर बाळंतपणाला दाखल होतानाच आधारची झेरॉक्स द्या आणि रुग्णालयाच्या फॉर्मवर आईचं नाव तसंच लिहून घ्या. तिथला कर्मचारी सवयीने सासरचं आडनाव टाकतो, आणि मग आईच्या नावासाठी बाळाच्या दाखल्यावर कलम 15 लावायची वेळ येते.