खुर्चीवरचा योग, काही महिन्यांच्या वापरानंतर: आधी चाकाची खुर्ची बाजूला करा

ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीचा गॅस गेला. बसलं की सीट हळूहळू खाली. विकणाऱ्याने ‘गॅस वॉरंटीत येत नाही’ म्हणून हात वर केले आणि तिच्या जागी, आलेल्या-गेलेल्यांना बसायला ठेवलेली चार पायांची साधी खुर्ची आली. हा अनुभव लिहायचं कारण तेच. बसून करायच्या ज्या व्यायामांना ‘ठीक आहे’ यापलीकडे गुण दिले नसते, त्यातले निम्मे या खुर्चीवर पहिल्यांदा पाठीपर्यंत पोचले. व्यायाम तेच, वेळ तोच, बदलली फक्त खुर्ची.

आयुष मंत्रालयाचा पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’, म्हणजे कामाच्या मधेच करायचा योगाचा छोटा संच, सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपच्या रूपात आला आणि केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तो वापरा म्हणून पत्रकही निघालं. ताडासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन, अर्धचक्रासन, प्रसारित पादोत्तानासन, शेवटी नाडीशोधन आणि भ्रामरी हा क्रम बहुतेकांना माहीत आहे, म्हणून तो पुन्हा सांगत नाही. संच चांगला आहे, पण मोकळी जागा गृहीत धरतो. त्यातल्या प्रसारित पादोत्तानासनात दोन-तीन फुटांवर पाय फाकवून पुढे वाकायचं असतं. सेतू केंद्रात दोन टेबलांच्या मधे, नाहीतर मोंढ्यातल्या आडतीत गादीच्या मागे, तेवढी जागा कुणाकडे आहे? म्हणून इथे जे लिहिलंय ते बसल्या जागी, नाहीतर टेबलाला धरून होणाऱ्या गोष्टींबद्दल आहे.

आता खुर्ची. यावर लांबण लावतोय, कारण व्हिडिओत यावर कुणी बोलत नाही.

बसून पाठीला पीळ द्यायचा म्हणजे कमरेखालचा भाग घट्ट थांबला पाहिजे आणि फिरणं वर, बरगड्या जोडलेल्या मणक्यांत झालं पाहिजे. कमरेचे मणके मुळात फार थोडे फिरतात. फिरत्या खुर्चीवर तुम्ही उजवीकडे वळलात की सीट तुमच्याबरोबर वळते. पीळ जातो बेअरिंगला, पाठीला नाही. डोळ्यांना दिसतं की आपण पार मागचं कपाट बघतोय, आणि पाठ मात्र जशीच्या तशी. त्यातून खाली शहाबादी फरशी घासून गुळगुळीत झालेली असली की चाकं सरकतात, माणूस पोटऱ्या आणि मांड्या ताणून खुर्ची धरून ठेवतो, आणि जो भाग सैल सोडायचा तोच आखडतो. पुढे वाकताना तर खुर्ची मागे पळते. हा पडण्याचा धोका आहे, नुसती गैरसोय नाही.

दुसरी खुर्ची नसेलच तर चाकाच्या खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा आणि चाकांखाली घडी घातलेलं गोणपाट सारा. सरकणं थांबतं, फिरणं थांबत नाही. म्हणून पिळाचा व्यायाम तिच्यावर करूच नका. तो उभ्याने करा: भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहा, पाय हलवू नका, श्वास सोडत वळा आणि दोन्ही तळवे भिंतीला लावा.

प्लॅस्टिकची हाताची खुर्ची चाकाच्या खुर्चीपेक्षा बरी, पण तिची सीट मागे उतरती असते. बसलं की कंबर मागे ढळते, पाठीला पोक येतं आणि छाती दबते. सतरंजीची, नाहीतर जाड दस्तीची दोन बोटं उंच घडी सीटच्या मागच्या अर्ध्या भागात ठेवून तिच्या कडेवर बसा. कंबर आपोआप सरळ होते. वर्षानुवर्षं उन्हात पडून पांढरी पडलेली खुर्ची वापरू नका, तिचे मागचे पाय तडकलेले असू शकतात.

उंचीचं माप सोपं आहे. चप्पल काढून तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली हवेत. पाय लोंबत असतील तर झेरॉक्सच्या कागदाची ५०० पानांची दोन न फोडलेली पाकिटं शेजारी शेजारी ठेवून त्यावर पाय ठेवा. एक पाकीट साधारण पाच सेंटिमीटर जाड असतं आणि बहुतेकांना तेवढं पुरतं. फूटरेस्टवर पैसे घालवायची गरज नाही.

चार पायांच्या खुर्चीवर पीळ असा द्यायचा. खुर्चीवर आडवं बसा, म्हणजे पाठीचा टेका तुमच्या उजव्या हाताला येईल. गुडघे जुळवून मधे एक वही धरा. श्वास घेत उंच व्हा. श्वास सोडत आधी बेंबी, मग छाती, सगळ्यात शेवटी मान उजवीकडे नेत दोन्ही हातांनी टेका धरा. पाच सावकाश श्वास तिथेच थांबा: घेताना उंच, सोडताना थोडं आणखी आत. मग श्वास घेत परत या, उठून उलट्या बाजूने बसा आणि डावीकडे तेच करा. वही पडली, नाहीतर एक गुडघा पुढे सरकला, तर कंबर फिरली असं समजा. पीळ खोटा झाला. हातांनी टेका ओढून जोर लावला की बरगडीच्या कडेला चमक निघते. हात फक्त टेकवायला आहेत. भारी एर्गोनॉमिक खुर्चीवर हा प्रकार करताच येत नाही, तिचे हात आणि टेका दोन्ही आड येतात.

बाकीचे व्यायाम थोडक्यात, कारण त्यांत खुर्चीइतकं बिघडण्यासारखं नाही.

बसल्या बसल्या मार्जारासन: हात गुडघ्यांवर, श्वास सोडत पाठ गोल, घेत छाती पुढे, सहा वेळा. सुरुवात कमरेतून करायची. बहुतेक जण आधी डोकं मागे टाकतात आणि सगळा ताण मानेच्या एकाच सांध्यावर येतो. स्कंधचक्रात बोटं खांद्यावर ठेवून कोपरांनी मोठी वर्तुळं काढा, पाच पुढून, पाच मागून. खांद्यात नुसता कट-कट आवाज आला आणि दुखलं नाही तर घाबरू नका. मान गोल गोल फिरवणं मात्र पूर्ण बंद. उजव्या हाताने सीटची कड खालून धरा, डावा कान डाव्या खांद्याकडे झुकवा, तीन श्वास थांबा, मग बाजू बदला. दिवसभर माउस धरून आखडलेल्या मानेला याने जेवढं बरं वाटतं तेवढं दुसऱ्या कशाने वाटत नाही.

एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून पुढे झुकायचा जो प्रकार सगळीकडे दाखवतात, तो साडीत होत नाही आणि हाताच्या खुर्चीत मावत नाही. त्याऐवजी गुडघ्यावर गुडघा टाकून पाठ सरळ ठेवत थोडं पुढे झुका. कुल्ल्याचा ताण कमी मिळतो, पण मिळतो.

टेबलाला धरून वाकायचं असेल तर हात टेबलाच्या कडेवर ठेवा, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत मागे चालत जा, कान दंडांच्या रेषेत आणा, पाच ते आठ श्वास थांबा. एक इशारा: जुन्या टेबलांवर काच असते आणि तिच्याखाली कॅलेंडर, फोन नंबर वगैरे. त्या काचेवर हात टेकवू नका. काच सरकते. कड लाकडाचीच धरा.

तासन्‌तास बसून पावलं सुजत असतील तर टाचा टेकवून चवडे वर-खाली, नंतर चवडे टेकवून टाचा वर-खाली, वीस-वीस वेळा. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. काउंटरवर बसून हे कुणाला दिसतही नाही.

आता श्वासाबद्दल. इथे माझं मत मधेच बदललं. सुरुवातीच्या आठवड्यांत लिहिलं असतं तर श्वासाचे प्रकार शेवटी एका ओळीत उरकले असते. मार्चअखेरची गर्दी संपली तेव्हा लक्षात आलं की आसनं सुटली त्या दिवशी पाठ कुरकुरते, पण लांब उच्छ्वास सुटला त्या दिवशी काउंटरवर आवाज चढतो. म्हणून आता दोन्हीतलं एकच ठेवायचं म्हटलं तर श्वास ठेवेन.

सगळ्यात साधा प्रकार पुरेसा आहे. नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. एक श्वास दहा सेकंदांचा, मिनिटाला सहा, पाच मिनिटांत तीस. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. रोखायचं नाही, रक्तदाब असलेल्यांनी तर मुळीच नाही. सहापर्यंत जाताना धाप लागत असेल तर तीन मोजत घ्या, चार मोजत सोडा. ओढूनताणून मोजणं म्हणजे पुन्हा खांदे वर.

नाडीशोधनात एका बाजूने घेऊन दुसरीने सोडणं आणि पुन्हा उलट, असं एक आवर्तन याच मापाने वीस सेकंदांचं होतं. नऊ आवर्तनं, तीन मिनिटं. नाकपुडी बाजूने अलगद दाबा, नाक वाकवू नका. मान उजवीकडे कलत नाही ना ते बघा. एक नाकपुडी कमी चालत असेल तर घाबरायचं कारण नाही. काही तासांनी बाजू बदलणं हा नाकाचा स्वभावच आहे. दोन्ही बंद असतील त्या दिवशी हा प्रकार सोडा. आणि आपल्याकडे हे सांगावंच लागतं: डब्यात ठेचा असेल तर साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय बोटं नाकाजवळ नेऊ नका.

भ्रामरी ऑफिसात होणार नाही असं वाटत होतं. होते. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि अगदी बारीक ‘म्’ आठ-दहा सेकंद. उन्हाळ्यात कुलरच्या घरघरीत तो शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नाही. कान झाकले नाहीत तरी चालतं. झाकायचे असतील तर कानाच्या भोकासमोरचा कूर्चेचा तुकडा दाबा, बोट आत घालू नका. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणाऱ्या हवेत नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण शांत उच्छ्वासाच्या मानाने सुमारे पंधरा पट होतं, हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ साली मोजून दाखवलं. त्यावरून सर्दी-सायनस बरं होतं असे जे दावे फिरतात, ते मात्र त्या मोजणीच्या फार पुढचे आहेत. मला भ्रामरी आवडते ती वेगळ्या कारणाने: आवाज काढला की उच्छ्वास लांबतोच, मोजायची गरज पडत नाही.

कपालभाती टेबलापाशी नको, आणि यावर तडजोड नाही. पोट रिकामं नसतं, जोर जास्त लागतो. भराभर केली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. लाइट गेलेली, पंखा बंद आणि परभणी-नांदेडकडचा बेचाळीस अंशांचा मे महिना असेल तर माणूस खुर्चीवरून खाली यायचा. हर्निया, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण यांत ती घरीही विचारल्याशिवाय नाही.

शीतलीचं उन्हाळ्यात फार कौतुक होतं. जिभेची नळी करून तोंडाने श्वास घ्यायचा, थंड वाटतं खरं. पण तोंडाने घेतलेली हवा नाकातून गाळली जात नाही. कापसाच्या जिनिंगच्या आसपास, रस्त्याकडच्या दुकानात, धान्य उतरतंय अशा आडतीत शीतली म्हणजे सरळ घशात धूळ. बंद, स्वच्छ खोलीत करा. जीभ वळत नसेल तर सीत्कारी, म्हणजे दात जुळवून त्यांच्या फटींतून श्वास घ्यायचा.

जेवणानंतर दोन-अडीच तास पुढे वाकणं आणि पीळ बंद ठेवा. भाकरी-पिठल्यावर लगेच वाकलं की आंबट वर येतं. त्या वेळात लांब उच्छ्वास आणि पावलांचा व्यायाम चालतो.

मोबाइलचा अलार्म लावून हे टिकत नाही. समोर माणूस उभा असला की अलार्म बंद केला जातो आणि दोन दिवसांत त्याची सवय होते. कामातल्याच थांब्याला जोडा: सर्व्हर डाऊन झाला की लांब उच्छ्वास, प्रिंट निघत असताना खांदे, चहा यायच्या आधी पीळ. आपल्याकडे सर्व्हर रोज पुरेसा वेळ देतो. त्याच वेळी खिडकीतून वीसेक फुटांवरचं काही तरी वीस सेकंद बघा, डोळ्यांनाही तेवढीच विश्रांती.

काय सुटलं नाही तेही लिहितो. मानेचं दुखणं निम्मंच कमी झालं, कारण स्क्रीन खाली होती. व्यायाम दोन मिनिटं, वाकलेली मान आठ तास. कागदाची उरलेली पाकिटं मॉनिटरखाली घालून वरची कड डोळ्यांच्या पातळीत आणली, तेव्हा बाकीचं निम्मं गेलं. वजन, साखर यांवर याचा भरवसा ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे, त्यात हे मोजायचं नाही. चालणं वेगळं करावंच लागतं. पायात कंबरेपासून खाली कळ जात असेल, बधिरपणा असेल, हातातून वस्तू सुटत असतील, तर पीळ आणि वाकणं थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

एकूण खर्च शून्य. जुनी फिरती खुर्ची अजून कोपऱ्यात आहे. गॅस बदलून आला तरी ती टायपिंगपुरती, व्यायामाला चार पायांचीच.