पोरांना रानाची ओळख : शिकार, शिबिर, गरी की ठसे?

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या रानालगतच्या तालुक्यांतल्या घरात चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असला, की कधी ना कधी मामा किंवा वाड्यावरचा कोणीतरी म्हणतोच, "आज रात्री याला आमच्याबरोबर पाठवा, रान बघेल." त्या बघण्यात काय काय येतं ते आईलाही ठाऊक असतं आणि बाबांनाही. नाही म्हणावं तर पोरगं हिरमुसतं. शिवाय मग त्याला रान दाखवायचं कुणी आणि कसं, हा प्रश्न उरतोच.

मी वाळपईच्या बाजूला शाळकरी मुलांना घेऊन रानात जातो. पालक हेच विचारतात, म्हणून गोव्यात आज ज्या वाटा मोकळ्या आहेत त्या शेजारी शेजारी ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: रान ज्यांच्या दाराशी आहे त्यांनी मुलाला जनावरांनी नासधूस केलेल्या बागायतीत न्यावं आणि तिथे ठसे वाचायला शिकवावं. बाकीच्या वाटा वाईट नाहीत, पण प्रत्येक वाट प्रत्येक मुलासाठी नाही.

शिकारीची रात्र

शिकारीत मुलाला काय मिळतं ते आधी मान्य करू. अंधारात न बोलता चालणं, वाऱ्याची दिशा बघणं, पानांच्या आवाजावरून जनावर ओळखणं, मोठ्या माणसांच्या विश्वासात शिरणं. हे सगळं खरं शिक्षण आहे आणि आपल्या आजोबांच्या पिढीने ते असंच घेतलं. म्हणून नुसतं "पाप आहे" म्हणून पोराचं तोंड बंद करता येत नाही.

पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची व्याख्या फार रुंद केली आहे. बंदूक झाडणंच नव्हे, तर फासकी म्हणजे फास लावणं, विष घालणं, हाका घालून जनावर उठवणं, पकडणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारीतच येतं. पक्ष्यांची घरटी आणि अंडी मोडणंसुद्धा. रानडुक्कर पिकं खातो म्हणून तो मारायला मोकळा आहे, असा समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. गवा आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. अभयारण्यात शिकार केली तर जनावर कुठलंही असो, शिक्षा हीच. सोबत बंदूक आणि गाडी जप्त होते. पंधरा वर्षांच्या मुलाला बरोबर नेणारा मामा स्वतः तर अडकतोच, मुलालाही पोलीस आणि बाल न्याय मंडळाच्या फेऱ्यांत ओढतो.

कायदा बाजूला ठेवला तरी धोका राहतो. टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे बघून गोळी सुटते आणि ती सोबत्याला लागते, अशा बातम्या आपण गोव्यात वाचल्या आहेत. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकून मरतो, तेही वाचलं आहे.

पहिल्या पावसाचे बेडूक हा याच वाटेचा पहिला टप्पा. जूनच्या पहिल्या सरींबरोबर शेतात मोठे पिवळे बेडूक डरावू लागतात आणि दहा वर्षांची मुलंसुद्धा पोतं घेऊन मोठ्यांच्या मागे निघतात. ते बेडूक तेव्हा विणीसाठी बाहेर आलेले असतात. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि बेडकाच्या पायांची निर्यात देशाने १९८७ मध्येच थांबवली. मुलाला नाही म्हणायला शिकवायचं असेल तर सुरुवात इथून करावी, कारण इथे मोह लहान असतो.

परदेशातल्या काकांचा सल्ला

अमेरिकेत राहणारे नातेवाईक सुट्टीत आले की सांगतात, "तिकडे शाळकरी मुलं रीतसर शिकार शिकतात." खरं आहे. तिथल्या बऱ्याच राज्यांत मुलांना आधी शिकारीचं शिक्षण घ्यावं लागतं, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली जावं लागतं, हंगाम ठरलेला असतो आणि किती हरणं मारायची ते वन्यजीव खातं ठरवतं. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. जर्मनीत सोळाव्या वर्षी मुलाला परवाना मिळतो, तोही कठीण परीक्षा दिल्यावर आणि जाणत्या माणसाच्या सोबतीच्या अटीवर.

ती पद्धत जशीच्या तशी इथे लागू होत नाही. तिथल्या शिकाऱ्याच्या मागे गणना, कोटा, कर आणि परीक्षा उभी असते. आपल्याकडे रात्री निघणाऱ्या टोळीच्या मागे यातलं काहीच नसतं. आपल्या देशात जनावर मारायची वेळ येते तेव्हा ती आदेशाने येते. केरळने २०२२ मध्ये पिकं उद्ध्वस्त करणाऱ्या रानडुकरांबाबत स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना असे आदेश द्यायचे अधिकार दिले. परवानाधारक नेमबाज गोळी घालतो आणि मेलेलं डुक्कर पुरून टाकलं जातं. मांस वाटायचं नाही, मेजवानी नाही. वन्यजीव व्यवस्थापनातली हत्या कशी असते, हे मुलाला सांगायला मला याहून स्पष्ट उदाहरण मिळालेलं नाही.

शिबिर, पक्षीगणना, कासवं

मूल आठ ते बारा वर्षांचं असेल तर बोंडला पुरे. आठ चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य, चालायला सोप्या वाटा, सोबत प्राणिसंग्रहालय. गुरुवारी बंद असतं, एवढं लक्षात ठेवा. मोठ्या मुलाला तिथे लवकर कंटाळा येतो. त्याच्यासाठी खोतीगाव अभयारण्यातलं मचाण किंवा मोलेचं रान बरं, मात्र सोबत वाट दाखवणारा स्थानिक माणूस हवा. गाडीतून गेलं आणि गाडीतून आलं तर बिस्किटांचे पुडे तेवढे संपतात.

पक्षीगणना ही सगळ्यात स्वस्त वाट. गोव्यात साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहायचं आणि दिसलं ते लिहायचं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर होणाऱ्या गणनेत शाळेच्या मैदानावरूनही भाग घेता येतो. शहरातल्या मुलांना मी हीच वाट सुचवतो: पणजीहून रायबंदरला जा, फेरीबोटीने चोडणला उतरा आणि हिवाळ्यात सलीम अली अभयारण्याच्या खारफुटीत सकाळ घालवा. अवघं १.७८ चौरस किलोमीटरचं आहे, पण मूल गप्प राहायला तिथे शिकतं.

पेडणे आणि काणकोणच्या किनाऱ्यांवरच्या मुलांचं वेगळं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते एप्रिल ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. वाळू किती तापते त्यावर नर की मादी ते ठरतं, हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात. वनखात्याच्या राखणदारांबरोबर, त्यांच्या परवानगीनेच, लांबून बघायचं. टॉर्च नाही, फ्लॅश नाही, पिल्लू हातात घेऊन फोटो तर मुळीच नाही. कामाचा मोठा भाग वाट बघण्याचाच असतो. पण शिकारीच्या रात्रीतली जागरणाची ओढ भागवणारी कायदेशीर वाट हवी असेल तर ती हीच.

साप पकडायला मात्र मुलाला कुणाबरोबरही पाठवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही आपल्या परसात आहेत, आणि व्हिडिओसाठी साप हाताळणारा माणूस शिक्षक म्हणून नको.

ओढ बंदुकीची असेल तर

काही मुलांना रानाचं फारसं काही नसतं, त्यांना नेम धरायचा असतो. ते ओळखा आणि त्यांना दहा मीटर एअर रायफलच्या रेंजवर किंवा एनसीसीत घाला. श्वास रोखणं, हात स्थिर ठेवणं, हत्यार कुणाकडेही न रोखणं, ही शिस्त तिथे पहिल्या दिवसापासून लागते. ०.१७७ बोअरची आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीची एअरगन परवान्याशिवाय मिळते, म्हणून ती वाढदिवसाला आणून मुलाच्या हातात देऊ नका. अंगणातल्या कवड्या पक्ष्यावर छर्रा मारला की ती शिकारच झाली. अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी स्वखुशीने एअरगन सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, ती याच कारणाने.

गरी

आपण पकडलेलं आपण शिजवून खायचं, हे ज्या मुलाला हवं आहे त्याला गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, द्या. ही वाट मला मनापासून आवडते. शिकारीतला जबाबदारीचा भाग, म्हणजे एक जीव आपल्या हाताने गेला हे कळणं, इथे कायद्यात राहून शिकता येतो. अभयारण्यातली नदी सोडून, मांडवी-झुआरीच्या काठी किंवा खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या बांधावर ओळखीच्या माणसाबरोबर बसवा. १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद का असतात, ते तिथेच समजावून सांगा: माशांच्या विणीचा काळ. मग पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे ओहोळातून उपसणाऱ्यांकडे बघून मूल आपणच प्रश्न विचारतं. हंगाम, आकार, मर्यादा हे वन्यजीव व्यवस्थापनाचे मूळ धडे पुस्तकाशिवाय होतात.

ठसे आणि नुकसानीची वही

आता माझ्या पसंतीची वाट. खर्च एका वहीचा आणि मोजपट्टीचा. वय बारा ते अठरा. वेळ सकाळची, रात्रीची कधीच नाही.

ओळखीच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) किंवा काजूच्या बागायतीत मालकाला विचारून जायचं आणि काल रात्री इथे कोण येऊन गेलं ते शोधायचं. बांध उकरलेला, माती नांगरल्यासारखी उलटलेली आणि खुरामागे दोन छोट्या नखांचे टोचे असले तर डुक्कर. केळीची कोवळी झाडं मोडलेली आणि खुराचा ठसा म्हशीएवढा मोठा असेल तर गवा, पण आधी शेजाऱ्याच्या म्हशी कुठे चरत होत्या ते विचारून घ्या. शहाळ्याला वर गोल भोक असेल तर शेकरू. अर्धवट खाऊन टाकलेली फळं झाडाखाली विखुरली असतील तर माकडं. माडाच्या रोपाचं बूड कुरतडलेलं असेल तर साळिंदर, आणि जवळ काटा पडलेला सापडला तर त्या दिवशी मुलाची जेवणावर वासना राहत नाही. ओल्या मातीत गोल ठसा दिसला की नखं उमटली आहेत का ते बघायचं. उमटली तर कुत्रा, नाही तर मांजरकुळातला कोणी. मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा.

मग वहीत तारीख, जागा, पीक, किती झाडं गेली, कुंपण होतं का. सौर कुंपणाच्या तारेला गवत टेकलं की झटका मरतो. ते गवत कापायचं काम मुलाला द्या. विभागीय कृषी कार्यालयात भरपाईचा अर्ज करायला हीच वही आणि हेच फोटो उपयोगी पडतात. मुलगा अर्ज लिहितो, शेतकरी सही करतो. रानाचं आणि शेताचं भांडण नेमकं कुठे अडलेलं आहे, ते त्या कार्यालयाच्या बाकावर बसल्यावर कळतं.

हे मी एवढं लावून धरतो त्याला कारण आहे. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले. वाघाने गुरं मारली होती, आणि तपासात विषप्रयोग पुढे आला. सांगे-काणकोणात वाघ्रोची, म्हणजे वाघदेवाची पूजा करणारा आपला समाज, आणि त्याच राज्यात हे घडलं. गाय गेलेल्या घराचं दुःख आणि वाघाचं मोल, दोन्ही एकाच वेळी समजणारी मुलं आपल्याला हवीत. सफारीत वाघ तेवढा दिसतो, गाय गेलेलं घर दिसत नाही. शिकारीला गेलेल्याला जनावराची दुसरी किंमतच कळत नाही. वहीत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

या वाटेचेही धोके आहेत. एकटा गवा दिसला तर मागे फिरायचं, फोटो नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे, आणि तो गोचिडी चावून होतो. डिसेंबर ते मे, म्हणजे नेमक्या काजूच्या हंगामात, गोचिडींचा जोर असतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे पँटीवर ओढलेले, घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. मेलेलं माकड दिसलं तर हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं.

फासकी सापडली तर मुलाने ती स्वतः सोडवू नये. जागेचा फोटो काढावा, खूण लक्षात ठेवावी आणि मोठ्या माणसाने त्याच दिवशी वनखात्याच्या रेंज कार्यालयात कळवावं. फासकी कुणाची असेल याचा अंदाज मुलाने गावात कुठेही बोलू नये, हे पहिल्या फेरीआधीच त्याच्याशी ठरवून घ्या.