विद्युतदाहिनी की गॅसदाहिनी?

दिवसभर काम असेल तर विद्युतदाहिनी उत्तम, अधूनमधून असेल तर गॅसदाहिनी. विद्युतदाहिनीतल्या तारांना आधी आतल्या विटा तापवाव्या लागतात, त्यात काही तास जातात. रोज बंद-चालू केली की विटांना तडे जातात आणि वीजही फुकट जाते. गॅसचा बर्नर लवकर तापतो, म्हणून तिथे हा त्रास कमी. तापमान दोन्हींत साधारण ७६० ते ९८० अंश सेल्सियस, वेळ दीड-दोन तास.

दाहिनी घेणाऱ्याने सर्वांत आधी तिचा दुसरा कक्ष, म्हणजे धूर पुन्हा जाळणारा कप्पा, पाहावा. धूर तिथे ८५० अंशांवर किमान दोन सेकंद राहिला तरच पूर्ण जळतो. चिमणीतून काळा धूर येतो तो बहुधा हवा कमी पडल्यामुळे. १८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात इटलीचे प्राध्यापक ब्रुनेट्टी यांनी आपली दाहिनी मांडली, तिथून आधुनिक दाहिनीची चर्चा युरोपभर पसरली.

मृताच्या छातीत पेसमेकर (हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे यंत्र) असेल तर तो दहनाआधी काढून घ्यायलाच हवा. त्याची बॅटरी उष्णतेने फुटते, भट्टीचे नुकसान होते आणि चालवणाऱ्यालाही इजा होऊ शकते. शेवटी हाडांचे तुकडे उरतात. ते थंड करून, चुंबकाने धातू वेगळा करून दळले की दोन-तीन किलो अस्थी मिळतात. प्रत्येक दहनानंतर भट्टी नीट झाडायला हवी, नाहीतर दोघांच्या अस्थी मिसळतात. ही चूक अक्षम्य आहे.