मुख्य ऑपरेटर निवडताना: घरचा अनुभवी, बाहेरचा परवानाधारक की पदवीधर?

सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा मुख्य ऑपरेटर निवृत्तीला आला की पालिकेच्या टेबलावर बहुतेक वेळा तीन प्रकारचे अर्ज येतात. पहिला आपल्याच प्लांटवर पंधरा-वीस वर्षं शिफ्ट काढलेल्या सीनियर ऑपरेटरचा. दुसरा एखाद्या मोठ्या प्लांटवरून येऊ पाहणाऱ्या, वरच्या श्रेणीचा परवाना असलेल्या माणसाचा. तिसरा पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीधराचा किंवा प्रयोगशाळेत वाढलेल्या केमिस्टचा. मी स्वतः शिफ्ट ऑपरेटर म्हणून या कामात आलो, पुढे अशा निवडींत माझं मत विचारलं जाऊ लागलं. या खुर्चीवर तिन्ही प्रकारची माणसं उत्तम काम करताना पाहिली आणि तिन्ही प्रकारची अडखळतानाही पाहिली. म्हणून अर्ज उघडण्याआधी आपल्या प्लांटला आत्ता कशाची उणीव आहे हे एका कागदावर लिहून काढा, असा माझा आग्रह असतो. उणीव ठरली की निवड निम्मी झाली.

या कामाची एक अडचण निवड समितीतल्या बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज प्लांट म्हणजे टाकीत पाळलेले कोट्यवधी जिवाणू. त्यांना हवा किती द्यायची, किती गाळ परत फिरवायचा आणि किती काढून टाकायचा, हे मुख्य ऑपरेटर ठरवतो. पण निर्णयाचं फळ लगेच दिसत नाही. बीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचा, रिपोर्ट हातात यायलाच चाचणीच्या पद्धतीनुसार 3 ते 5 दिवस लागतात. गाळाचं वय, म्हणजे गाळ टाकीत सरासरी जितका काळ राहतो तो, 10 दिवस असेल, तर आज केलेल्या बदलाचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण तीन वयं, म्हणजे महिनाभर जातो. रिपोर्ट खराब आल्यावर जागा होणारा माणूस इथे कायम उशिरा पोचतो. फेसाचा रंग, क्लॅरिफायरमधल्या (गाळ तळाशी बसवणाऱ्या टाकीतल्या) गाळाची पातळी, मोजपात्रात गाळ बसण्याचा वेग, या आजच्या खुणांवरून पुढच्या आठवड्याचं पाणी ओळखणारा माणूस हवा.

घरचा माणूस

त्याची खरी किंमत कुठल्याच कागदावर नसते. दुसऱ्या नंबरच्या ब्लोअरचं (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्राचं) बेअरिंग बिघडायला लागलं की त्याला आवाजावरून कळतं. जोराचा पाऊस आला की कुठला चेंबर आधी भरतो, कुठला गेट अर्धाच उघडायचा, नकाशात दाखवलेला कुठला व्हॉल्व्ह प्रत्यक्षात दहा वर्षं जाम आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. लहान प्लांटवर, जिथे रात्री दोनच माणसं असतात, तिथे ही माहिती लाखमोलाची आहे.

त्याची कमकुवत बाजूही याच अनुभवातून येते. ‘आपण नेहमी असंच करतो’ हे वाक्य नेहमीची परिस्थिती असेपर्यंत खरं ठरतं. एका प्लांटवर आउटलेटचा अमोनिया चढायला लागला. तिथल्या जुन्या, कष्टाळू मुख्य ऑपरेटरने अनुभवाप्रमाणे एक ब्लोअर वाढवला, मग दुसरा. दोन आठवडे सगळे ब्लोअर चालू, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 4 मिलिग्रॅमच्या वर, तरी अमोनिया उतरेना. पीएच 6.4 पर्यंत खाली आला होता. अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, कुणी मोजलीच नव्हती. 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना सुमारे 7.1 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे 25 मिलिग्रॅम अमोनियाला जवळपास 180 मिलिग्रॅम लागते, आणि येणाऱ्या पाण्यात तेवढी शिल्लक नव्हती. चुना द्यायला सुरुवात केली, पीएच सावरला आणि अमोनिया हळूहळू उतरला. अशा प्लांटच्या एकूण विजेतला निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा वायुवीजनाचा असतो, त्यामुळे ते दोन आठवडे चांगलेच महागात पडले. माणूस वाईट नव्हता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि वीस वर्षांत गरजही पडली नव्हती.

दुसरी अडचण माणसांची. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला, त्यांची रजा आज नामंजूर करायची आणि त्यांच्या लॉगबुकातली चूक दाखवायची. काहींना हे जमतं, काहींना शेवटपर्यंत जमत नाही. बढतीआधी त्याला दोन-तीन महिने प्रभारी म्हणून बसवा. कोण कुठल्या वर्गात मोडतो ते त्यात कळतं.

बाहेरचा अनुभवी

तो दुसऱ्या प्लांटचे आजार पाहून आलेला असतो, आणि ही मोठीच जमेची बाजू. क्लॅरिफायरमध्ये गाळ वर आला की घरचा माणूस त्याला एकच नाव देतो. बाहेरच्याने दोन्ही प्रकार पाहिलेले असतात. तंतुमय जिवाणू वाढल्याने गाळ फुगून बसायलाच तयार नाही, हा एक. नीट बसलेला गाळ तळाशी फार वेळ राहिला, नायट्रेटमधून नायट्रोजनचे बुडबुडे सुटले आणि ढेकळं वर तरंगली, हा दुसरा. पहिल्यात जिवाणूंचा बंदोबस्त करावा लागतो, दुसऱ्यात गाळ लवकर परत फिरवला की बरंचसं काम होतं. निदान चुकलं तर उपचार आजाराहून जड जातो.

शिवाय तो कुणाचा बांधील नसतो. लॉगबुकात महिनाभर दर दोन तासांना ऑक्सिजन 2.0, 2.0, 2.0 असा एकसारखा आकडा दिसला, तर इथे पाणी मुरतंय हे तो पहिल्याच दिवशी बोलून दाखवू शकतो. मीटर अडकलेलं असेल किंवा खुर्चीत बसून आकडे भरले जात असतील. खऱ्या टाकीत पहाटेचा आणि सकाळच्या गर्दीचा आकडा सारखा येत नाही.

धोका असतो तो जुन्या प्लांटची सवय इथे लावण्याचा. एक नवे मुख्य ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात टाकीतले घन पदार्थ ‘जास्त’ म्हणाले आणि गाळ काढणं दुपटीवर नेलं. त्यांच्या आधीच्या प्लांटच्या मानाने ते जास्त होतेही. पण थंडीचे दिवस होते, नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जिवाणू मुळात संथ वाढतात आणि थंडीत आणखी संथ. ते वाढण्यापेक्षा वेगाने बाहेर गेले. मग अमोनिया पुन्हा मर्यादेत यायला कित्येक आठवडे लागले.

म्हणून त्याला विचारा: ‘तुमच्या हाताखाली किती माणसं होती, आणि तुम्ही स्वतः काय करत होता?’ मोठ्या प्लांटवर देखभालीचा वेगळा विभाग असतो, स्वयंचलित नियंत्रण असतं, केमिस्ट पाळीत हजर असतो. तुमच्याकडे चिंध्या अडकलेला पंप दोघांनी मिळून उघडायचा असेल, तर त्याने शेवटचा पंप कधी उघडला हे आजच कळलेलं बरं.

परवान्याबद्दल थोडक्यात. जिथे ऑपरेटरला श्रेणीनुसार परवाना लागतो, तिथे ती श्रेणी तुमच्या प्लांटच्या वर्गाला पुरते का हे प्रमाणपत्राच्या प्रतीवरून ठरवू नका, देणाऱ्या संस्थेकडूनच खात्री करा. आधीच्या प्लांटचे सोडलेल्या पाण्याचे रिपोर्ट सार्वजनिक असतील तर तेही वाचा. मर्यादा ओलांडली गेली म्हणून माणूस बाद होत नाही. त्याने ते कळवलं कधी आणि पुढे काय केलं, हे बघायचं.

पदवीधर अभियंता किंवा लॅबमधून आलेली केमिस्ट

प्लांटचा विस्तार होणार असेल, नायट्रोजन-फॉस्फरस काढण्याची नवी अट येणार असेल, सल्लागार कंपनीने आणलेलं डिझाइन तपासायचं असेल, तर या उमेदवाराला तोड नाही. गाळाचा हिशेब, भार आणि घन पदार्थांचं प्रमाण ही त्यांची मातृभाषाच असते. पण शिफ्टमधल्या फिटरला त्यांचा शब्द लगेच पटत नाही. वादळी रात्री वीज गेली, जनरेटर सुरू होईना आणि पंप हाऊसमधलं पाणी चढतंय, अशा वेळी काय आधी आणि काय नंतर, हे पदवी शिकवत नाही.

लॅबमधून आलेल्या माणसांना मात्र समित्या उगाच मागे ठेवतात, असं मला मनापासून वाटतं. एक केमिस्ट रोज सकाळी टाकीतल्या गाळाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. देठावर डोलणारे सिलिएट्स आणि रोटिफर्स हे निरोगी गाळातले सूक्ष्मजीव दिसले की निश्चिंत असायची. गाळाच्या गुठळीतून बाहेर डोकावणारे तंतू वाढलेले दिसले की त्याच दिवशी शिफ्टला सांगायची. क्लॅरिफायर बिघडण्याच्या आधीच तिला चाहूल लागलेली असायची. यंत्रांची बाजू तिला दीड वर्षात शिकता आली, कारण हाताशी चांगला फिटर होता. तसा फिटर किंवा डेप्युटी तुमच्याकडे नसेल, तर मात्र हा पर्याय निवडू नका.

टाकीपाशी पारख

मुलाखतीच्या खोलीत तिघंही छान बोलतील. त्यापेक्षा प्रत्येकाला एक तास प्लांटवर फिरवा आणि गप्प राहा. कोण रेलिंगवरून वाकून क्लॅरिफायरच्या कडेचं पाणी बघतो, कोण ऑपरेटरला नाव विचारतो, कोण ग्रिट चेंबरपाशी (वाळू-खडे अडवणाऱ्या टाकीपाशी) थांबतो, ते टिपा. मग तिघांना तीन गोष्टी सारख्याच द्या.

पहिली, एक लिटरचं मोजपात्र. टाकीतलं पाणी भरून अर्धा तास ठेवायला सांगा. अर्ध्या तासाने गाळ 250 मिलिलिटरवर आला आणि घन पदार्थ लिटरला 2,500 मिलिग्रॅम असतील, तर एसव्हीआय (एक ग्रॅम घन पदार्थ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतात तो आकडा) 100 येतो, म्हणजे ठीक. 600 वरच अडकला तर 240, म्हणजे गाळ नीट बसत नाही. हे गणित तिघांनाही येईल. चांगला उमेदवार शेजारी दुसरं पात्र मागतो आणि त्यात निम्मं आउटलेटचं पाणी मिसळून तीच चाचणी लावतो. पातळ केल्यावर गाळ भरभर बसला तर टाकीत गाळच जास्त झालाय. तरीही बसला नाही तर तंतूंचा संशय. दुसरं पात्र मागणाऱ्याला मी मनातल्या मनात अर्धी जागा देऊन टाकतो.

दुसरी, तुमच्याच प्लांटचा एका वाईट महिन्याचा तक्ता, नावं झाकून. उत्तर बरोबर आलं का यापेक्षा, उत्तर देण्याआधी तो कुठली माहिती मागतो ते बघा. ‘तापमान कुठंय? अल्कलिनिटी मोजली होती का? नमुना एकदाच घेतला की चोवीस तासांचा?’ असे प्रश्न यायला हवेत.

तिसरी, पंप हाऊसच्या विहिरीच्या तोंडाशी उभं राहून एकच प्रश्न: ‘तुमचा माणूस आत बेशुद्ध पडलाय. काय कराल?’ हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात तीव्र येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणून उतरलेला माणूस परत येत नाही, आणि त्याच्यामागे उडी घेणारा दुसराही बहुतेक वेळा आतच राहतो. जो उमेदवार ‘मी लगेच खाली उतरेन’ म्हणेल, तो कितीही धाडसी असो, त्याला नेमू नका. कुणालाही आत जाऊ देणार नाही, वरून दोराने ओढून काढू, बचाव पथक बोलावू, आणि मुळात हवेतला ऑक्सिजन, ज्वलनशील वायू व विषारी वायू मोजल्याशिवाय कुणी उतरलाच नसता, हे उत्तर हवं. या एका प्रश्नावर मी कधीच तडजोड केलेली नाही.

मग कुणाला घ्यायचं?

प्लांट लहान असेल, यंत्रं जुनी असतील, पाण्याचे आकडे स्थिर असतील, तर घरचा माणूस घ्या आणि पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणाचा खर्च नेमणुकीच्या आदेशातच मंजूर करून घ्या. आकड्यांवर विश्वास राहिला नसेल, शिफ्टमध्ये गट पडले असतील किंवा वारंवार मर्यादा ओलांडली जात असेल, तर बाहेरचा आणा. घरच्या माणसाला तेव्हा बसवणं त्याच्यावरही अन्याय आहे, त्याला आपल्याच मित्रांविरुद्ध उभं राहावं लागेल. मोठा विस्तार दारात असेल आणि डेप्युटी भक्कम असेल, तर पदवीधर किंवा केमिस्ट. चालवायचं सगळं काम ठेकेदाराला देण्याचा चौथा पर्यायही पुढे येतो. पण पाण्याच्या दर्जाचं उत्तर शेवटी पालिकेलाच द्यावं लागतं, तेव्हा ठेकेदाराचे आकडे वाचू शकणारा एक जाणता माणूस पालिकेकडे लागतोच.

तिघंही सारखे वाटले तर मी घरच्या माणसाकडे झुकतो, पण एका अटीवर. त्याने कधीतरी स्वतःची चूक स्वतः लॉगबुकात लिहिलेली असली पाहिजे. जुनी लॉगबुकं काढून बघा, सापडते.

निवड कुणाचीही होवो, जुन्या आणि नव्या मुख्य ऑपरेटरला किमान एक महिना एकत्र काम करू द्या, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या रिपोर्टवरून नव्याचं माप काढू नका. सुरुवातीचे कित्येक आठवडे टाकीत आधीच्याच माणसाच्या निर्णयांचा गाळ असतो. त्या एका महिन्यात दोघांनी मिळून प्लांटवरचा प्रत्येक व्हॉल्व्ह हाताने फिरवावा, त्याला क्रमांकाची पट्टी बांधावी आणि जो फिरला नाही तो नकाशावर लाल पेनाने खुणावा. तो नकाशा पंप हाऊसच्या भिंतीवर लावा, रात्रपाळीला दिसेल अशा उंचीवर.