कॅलिस्टो की इफिस? दोन स्त्रियांच्या प्रेमाची ग्रीक कथा नव्याने लिहिताना

ग्रीक पुराणांवर सॅफिक, म्हणजे दोन स्त्रियांच्या प्रेमाची, फँटसी लिहायची ठरली की पहिला घोळ कथा निवडण्याचा. मेड्युसा आणि पर्सेफनीवर इतकं लिहून झालंय की त्यांना तूर्त हात लावू नये. अथीना देवी आणि तिची मैत्रीण पॅलस ही जोडी लोभस आहे, पण पुराणकथांचा ग्रीक संकलक अपोलोडोरस याच्याकडे ती चार-पाच वाक्यांत आटोपते: दोघींचा शस्त्रांचा सराव, देवांचा राजा झ्यूसने मध्येच पुढे धरलेली ढाल, पॅलसचा मृत्यू आणि अथीनाने घडवलेली तिची मूर्ती. लघुकथेला तेवढं पुरे. कादंबरीसाठी माझ्या मते खरी स्पर्धा रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’ या काव्यातल्या दोन कथांत आहे: दुसऱ्या सर्गातली कॅलिस्टो आणि नवव्या सर्गातली इफिस-इआन्थी. दोन्ही साधारण 130 ओळींच्या, म्हणजे ऐवज सारखाच.

पहिल्या वाचनात इफिस जिंकते. क्रीटमधलं फाइस्टोस, मुलगी झाली तर मारून टाकायचं असं बजावणारा गरीब बाप, इजिप्तच्या इसिस देवीच्या सांगण्यावरून मुलीला मुलगा म्हणून वाढवणारी आई तेलेथूसा. तेराव्या वर्षी इफिसचं लग्न इआन्थीशी ठरतं (वय अर्थातच वाढवून घ्या, त्याने कथेचं काही बिघडत नाही). दोघी एकाच वयाच्या, एकाच गुरूंकडे शिकलेल्या, ओढ दोन्ही बाजूंनी सारखी. कुठेही जबरदस्ती नाही. शेवटी देवळाची दारं हादरतात, इफिसचा पुरुष होतो आणि लग्न लागतं.

बहुतेकांना हा शेवटच खटकतो, आणि तो बदलला की काम झालं असं वाटतं. ते तितकं सोपं नाही. शरीर बदलू दिलं तर दोन स्त्रियांची गोष्ट शोधत आलेला वाचक हिरमुसतो. बदल काढून टाकला तर त्यात ट्रान्स पुरुषाची कथा पाहणाऱ्याला आपलं काहीतरी पुसलं गेल्यासारखं वाटतं, आणि त्याचं चुकत नाही. मराठी वाचकाला तर लगेच शिखंडी आठवणार: मुलगा म्हणून वाढलेली द्रुपदकन्या, दशार्णराजाच्या मुलीशी लग्न, स्थूणाकर्ण यक्षाशी लिंगाची अदलाबदल. ती चौकट डोक्यात असलेला वाचक शेवटाची वाट पाहतच वाचतो.

पण माझं घोडं अडलं ते शेवटाच्या बरंच आधी. इआन्थीला काहीच ठाऊक नसतं. ओव्हिडकडे ती एका मुलावर प्रेम करते आणि लग्नाची वाट पाहते, बस. दोन स्त्रियांचं प्रेम फक्त इफिसच्या मनात आहे. यावर तीन उपाय सुचतात. गुपित सुरुवातीलाच फोडलं, तर दोघी मिळून घरच्यांना फसवतात. हे चालतं, पण लग्न पुढे ढकलण्यासाठी तेलेथूसा आजारपणाच्या आणि अपशकुनांच्या ज्या सबबी रचते त्यांतला ताण निघून जातो आणि इसिसला काही काम उरत नाही. इआन्थीने केव्हाच ओळखलंय पण ती बोलत नाही, असं केलं तर इफिसचा विलाप, जो कथेतला सर्वांत ताकदीचा भाग आहे, उगाच त्रागा ठरतो. आणि लग्नाच्या रात्री उलगडा केला, तर पाऊण कादंबरी एकतर्फी प्रेमाची होते, शिवाय इआन्थीच्या संमतीचा प्रश्न वाचक विचारणारच. तिन्ही वाटा नीट चालवणारे लेखक असतीलही. मला प्रत्येक वेळी कथेचा एक खांब काढून दुसऱ्याला टेकू द्यावा लागतोय असं वाटलं.

कॅलिस्टोची अडचण निदान उघड आहे. शिकारीची देवी आर्टेमिस हिच्या सोबतिणींपैकी ती एक, आणि झ्यूस आर्टेमिसचंच रूप घेऊन तिच्याकडे येतो. कॅलिस्टो त्या रूपाला ‘माझ्या लेखी तू झ्यूसहून थोर’ असं म्हणते आणि तो हसतो, मग बलात्कार करतो. तो प्रसंग पानावर रंगवू नये. त्यानंतरच्या दोन-तीन ओळी कितीतरी मोलाच्या आहेत: खरी आर्टेमिस हाक मारते तेव्हा कॅलिस्टो आधी पळते, हाही झ्यूसच असेल या धास्तीने, आणि सोबतच्या अप्सरा दिसल्यावरच जवळ येते. जिच्यावर जीव आहे तिचाच चेहरा नकोसा होणं, यावर अख्खी कादंबरी उभी राहते.

दुसरी सोय म्हणजे जुने लेखक एकमेकांशी जमवून घेत नाहीत. गरोदर राहिलेल्या कॅलिस्टोचं पुढे अस्वल होतं, पण ते कोणी केलं? ओव्हिड म्हणतो झ्यूसची बायको हेरा हिने, अपोलोडोरसकडे झ्यूसने. रोमन लेखक हायजिनस विनोदी नाटककार अँफिसचा हवाला देतो: गरोदरपणाबद्दल विचारल्यावर कॅलिस्टो ‘तुझ्यामुळेच’ असं आर्टेमिसला सांगते आणि चिडून आर्टेमिसच तिला अस्वल करते. यांतलं एक निवडा, मिसळ करू नका. मी सुचवेन झ्यूसने अस्वल करणं आणि हेराच्या सांगण्यावरून आर्टेमिसने बाण मारणं. समोर कोण आहे हे आर्टेमिसला ठाऊक होतं की नव्हतं, ते तुम्ही ठरवा. आर्टेमिसला फार मवाळ केलंत तर मात्र स्नानाच्या वेळी पोट दिसताच ती हाकलून देते तो प्रसंग खोटा वाटतो. पुढे ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसॅनिअसची नोंद हाताशी आहेच: कॅलिस्टोच्या मुलखात, आर्केडियात, तिची समाधी म्हणून झाडांनी भरलेला उंच ढिगारा होता आणि त्याच्या माथ्यावर आर्टेमिस कॅलिस्टीचं देऊळ.

काही खाचखळगे. ओव्हिड रोमन नावं वापरतो, म्हणून डायना-आर्टेमिस अशी सरमिसळ पहिल्या खर्ड्यातच साफ करा. अथेन्सजवळच्या ब्रॉरॉनला लहान मुली केशरी वस्त्रं नेसून आर्टेमिसच्या ‘अस्वली’ होत, हा तपशील मोहात पाडतो, पण ते अ‍ॅटिकामध्ये आहे, आर्केडियात नाही. ओव्हिडकडे अस्वल झालेल्या कॅलिस्टोला तिचा मुलगा आर्कस भेटतो तेव्हा तो 15 वर्षांचा असतो. मधला काळ सलग सांगितला तर कादंबरी तिथेच बसते. तुकड्यांत सांगा, आणि अस्वल झाल्यावरही ती इतर अस्वलांना घाबरते हे सोडू नका. ओव्हिडकडे शेवटी झ्यूस मायलेकांना आकाशात तारे करून ठेवतो (कॅलिस्टो म्हणजे आपले सप्तर्षी ज्यात आहेत तो तारकासमूह), आणि हेराचा शेवटचा सूड म्हणजे त्या ताऱ्यांना कधी समुद्रात उतरू द्यायचं नाही. महाराष्ट्रातून सप्तर्षी मावळताना दिसतात, प्राचीन ग्रीसमधून ते मावळत नसत. आपल्या गच्चीवरून पाहिलेलं आकाश लिहिलंत तर तो शापच निकामी होतो.

तरीही इफिस सुटत नसेल, तर दहा-बारा हजार शब्दांवर जाऊ नका आणि निवेदन तेलेथूसाकडे द्या. मुलींपैकी कोणाला काय ठाऊक आहे हे आईलाही नक्की कळत नाही, त्यामुळे इआन्थीचा खड्डा बराचसा झाकला जातो. इसिस परकी वाटत असेल तर अँटोनिनस लिबेरालिस या ग्रीक लेखकाने निकँडर या जुन्या कवीवरून दिलेलं रूप घ्या: तिथे देवी लेटो आहे, मुलीचं नाव ल्युसिपस, आणि फाइस्टोसमध्ये त्यावरून सणही होता. फक्त त्या रूपात इआन्थी नाहीच, ती ओव्हिडकडूनच आणावी लागेल.