भुईचाफा: अकरा महिने कुंडीत वाढवल्यावर

मागच्या जूनमध्ये भुईचाफ्याचे दोन गड्डे आणले, दीडशे रुपयांना एक. कोथरूडची आमची बाल्कनी पूर्वेची, समोर आंबा. ऊन येतं ते नऊपर्यंतच. गुलाब तिथे कधी धड फुलला नाही.

नावात चाफा असला तरी हे झाड आल्या-हळदीच्या कुळातलं, मूळचं जंगलातल्या सावलीचं. पावसाळ्यात पानं हातभर वाढली. वरून हिरव्यावर रुपेरी पट्टे, खालून वांगी रंग. नुसत्या पानांसाठीही मी ते ठेवलं असतं.

नोव्हेंबरात पानं पिवळी पडली आणि माझी घालमेल सुरू झाली. नर्सरीत ‘रोज पाणी घाला’ एवढंच सांगितलं होतं, म्हणून एका कुंडीला इमानाने घालत राहिले. दुसरी कपड्यांच्या स्टँडमागे सरकवली होती, ती राहूनच गेली. जानेवारीत पहिली उकरली तर गड्ड्याचा लगदा! फार वाईट वाटलं. आईला फोन केला तर म्हणाली, “अगं, हळदीचा पाला वाळल्यावर कुणी पाणी घालतं का?” दुसऱ्या कुंडीला मग मार्चपर्यंत थेंबही दिला नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी पाहते तर मातीला टेकून फूल. पान एकही नाही. दोन पांढऱ्या पाकळ्या कान टवकारल्यासारख्या उभ्या, खालची जांभळी, मधोमध चिरलेली. (या पाकळ्या म्हणजे खरं तर रूप बदललेले पुंकेसर.) वास घ्यायला गुडघेच टेकावे लागले, मंद, गोडसर. दुपारी फूल मलूल झालं, पण दुसऱ्या दिवशी शेजारी नवं हजर. अशी अकरा फुलं मोजली.

लावणाऱ्यांना एकच कळकळीने सांगते: निचरा सांभाळा. आपल्याकडची काळी माती नुसती वापरू नका, पाणी धरून गड्डा कुजतो. मी लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घेतली. कुंडी पसरट, गड्डा दोन इंच खोल. दुपारचं ऊन नको, पानांच्या कडा करपतात.

वळिवाच्या पहिल्याच सरीत दोन फुलं चिखलाने माखली. तेव्हापासून मातीवर आंब्याची वाळकी पानं पसरून ठेवते. त्यातूनच आज पानाची पहिली सुरळी वर आली आहे. फेब्रुवारीत गड्डे सुटे करून एक आईकडे पाठवणार.