गळाला गांडूळ की लुअर?

पहिल्यांदाच गळ टाकणार असाल, तर लुअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, पाकिटावरचं चकचकीत चित्र विसरा.

खर्चात गांडूळच जिंकतं. उकिरड्याशेजारची ओली माती उकरली की फुकट. काठी, तंगूस, बारीक गळ, शिसं आणि तरंगायला थर्माकोलचा तुकडा, एवढ्यावर भागतं. लुअरला रॉड-रीळ लागतं, आणि जलपर्णीत अडकला की गेलाच म्हणायचा.

गांडूळ दोन-तीन ठिकाणी ओवून शेपटी वळवळती सोडायची. थर्माकोल नुसता थरथरला तर थांबा, चिलापी कुरतडत असते (भलती चोंबडी जात!), तो खाली गेला की हलकाच हिसका द्या. लुअर मात्र सतत फेकायचा, ओढायचा, मध्येच थांबवायचा. मनगट बोलायला लागतं.

पावसाळ्यात पंचगंगा गढूळ झाली की लुअर माशाला दिसणार कसा? गांडुळाचा वास तळापर्यंत पोचतो. पाणी निवळल्यावर काठच्या गवतालगत मरळ लुअरवर झडप घालते.

पोराबाळांसोबत निवांत बसून चार चिलाप्या न्यायच्या, तर गांडूळ. एका जागी बसवत नाही आणि मरळच हवी, तर लुअर. तलाव ठेक्यावर दिलेला असेल तर आधी ठेकेदाराला विचारा.